बाजू

सलाटवाड्यातल्या छापखान्यात
पाणी चढलं होतं चार फूट दोन इंच.
भिंतीवरच्या चिखलाच्या रेघेला टेप लावते,
फोटो काढते, तारीख दिसेल असा.
किरीटभाई पंचाल म्हणतात, बेन, पाच लिहा ने.
मी चार-दोन लिहिते.

माझ्या गळ्यात परवाना आहे.
तीन वर्षांची मुदत, नूतनीकरण फेब्रुवारीत.
आग, पाणी, यंत्रं,
एवढ्यांच्या नासाडीची किंमत ठरवायची
मला सरकारमान्य मुभा.
फी विमा कंपनी देते.

कोपऱ्यात उपड्या बादलीवर
पागेकाका.
पायजमा पोटरीपर्यंत वर, गुडघ्यावर फाईल.
दांडिया बाजारात चाळीस वर्षं
लोकांचे दावे लिहून देतात.
या कामाला परीक्षा नाही, क्रमांक नाही,
चुकलं तर रद्द करावा असा कागदच नाही.
म्हणून त्यांच्या शेजारच्या टेबलावरचा एक जण
दहा टक्के घेऊन
कोरड्या गोदामातही पूर दाखवतो.
काका चहा घेतात.
फार तर दोन.

भिजलेली रद्दी वजनावर धरू नकोस,
त्यात अर्धी नदी असते,
हे त्यांनीच शिकवलं होतं मला,
परीक्षेच्या आधी, त्यांच्या ओट्यावर.
आज ते ओळख दाखवत नाहीत.
म्हणतात, मॅडम,
कटिंग मशीनचा घसारा दोनदा वजा झालाय.

बघते.
झालाय.

पर्समध्ये कंपनीचं पत्र:
जागेवर अनधिकृत व्यक्ती आढळल्यास नोंद करावी.
नाव. हेतू. दावेदाराशी नातं.
माझ्याशी नातं, असा रकाना नाही.

बाहेर गलका. वन खात्याची माणसं
हातगाडीवरून मगर नेताहेत,
तोंडाला चिकटपट्टी,
अख्खी गल्ली फोटो काढतेय.
तिचाही कुठे तरी फॉर्म भरला जाईल,
कुठून आली, कुणाच्या हद्दीत.

मी घसारा खोडते, शेजारी सही करते.
मग पत्रातल्या रकान्यात लिहिते:
श्री. द. वा. पागे, हजर.
हिशेबातली एक चूक दाखवली. चूक माझी.
हे वाचून वरचे काय म्हणतील
ते फेब्रुवारीत कळेल.

किरीटभाई विचारतात, काका, तमारा केटला?
काका उठतात, गुडघा धरून,
बादली सुलटी करून मला दाखवतात.
तळ फुटलेला.
म्हणतात, ही राहिली यादीत.