शेरा

बार्शीच्या पुढे एका ठिकाणी जीप सोडावी लागते.
मग बालाघाटाची शेवटची पायरी, घायपात, तापलेले धोंडे,
आणि एका शिळेखाली
माणूस वाकून जाईल एवढं तोंड.
जुन्या दप्तरात दीड ओळ सापडली होती:
इथे रुपे निघत असे, असे सांगतात.
त्या दीड ओळीवर कंपनीने आम्हाला धाडलं,
सहा जण, एक ड्रिल, पाण्याचा टँकर.

बेसाल्टात चांदी नसते.
मी हे आधीच लिहून दिलं होतं.
ते म्हणाले, पण खाण तर आहे ना, हत्तुरे मॅडम?

खाण आहे.
एकशे दहा फूट, दोनदा वळलेली,
वटवाघळांच्या वासाने गच्च.
कुणीतरी एका पांढऱ्या शिरेमागे
हाताने खणत गेलंय.
शीर चमकते खरी.
टॉर्च धरला की स्टिल्बाइट कुणालाही फसवतो.
मलाही, क्षणभर.

ड्रिलवर अंबादास बोल्ली.
गिरणीचा भोंगा थांबला तेव्हा हा सातवीत,
आठवीऐवजी मागावर.
दगडाच्या कांड्या पेटीत लावतो
त्या अजून सुताच्याच असल्यासारख्या.
संध्याकाळी कडक भाकरी मोडता मोडता म्हणाला,
"तो डावरा होता की, मॅडम."
कोण?
"खणणारा."

सकाळी दाखवलं.
छिन्नीचे घाव डावीकडून उतरलेले.
दिव्याचे कोनाडे उजव्या भिंतीत,
हाताची सावली कामावर पडू नये म्हणून.
काजळी बोटाला लागली, अजून.

दुसऱ्या वळणानंतर घाव बदलतात.
उजवे. उथळ.
आणि माझ्या कमरेच्या खाली.
अंबादास तिथे काही बोलला नाही.
टॉर्च खाली करून
बाहेर जाऊन टँकरचा नळ बघत राहिला,
जो गळत नव्हता.

अहवाल सोलापुरात टाइप केला,
चादरींच्या कारखान्यावरच्या खोलीत,
मागांच्या खडखडाटाने टेबल सरकत होतं.
चांदी: आढळली नाही. असं नऊ वेळा.
शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं,
ऐंशी फूट डावरा माणूस, पुढचे तीस फूट मूल.
उत्तर आलं, शेरा अप्रस्तुत, वगळावा.
वगळला.

एक गोष्ट मी तिथेही लिहिली नव्हती.
कोनाडे शेवटपर्यंत उजव्याच भिंतीत आहेत.
बापाने ठेवला तिथेच दिवा ठेवून
ते पोर तीस फूट
स्वतःच्याच हाताच्या सावलीत खणत गेलं.