वसईवरून चौथ्यांदा

फोनवर बोलता बोलता
वर्तमानपत्राच्या कडेला कुणी गिरगटत राहावं
तसं समोरच्या पडद्यावर आमचं विमान
मुंबईच्या डोक्यावर गोल काढत होतं.
टोरांटोपासून साडेचौदा तास नीट आलेली रेघ
शेवटच्या चाळीस किलोमीटरला बिचकली.

कॅप्टन म्हणाला, परतीचा पाऊस आहे,
धावपट्टी दिसत नाही, थोडं थांबू.
विमान थांबतं म्हणजे काय करतं
ते मला तेव्हा कळलं.

शेजारी नातालीनबाई, निर्मळच्या,
लेकीचं बाळंतपण उरकून निघालेल्या.
मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात.
ढगाला जरा भोक पडलं की कपाळ काचेला.
"ते बघा तळं. तळ्यामागे आमची केळीची वाडी.
दिवा आहे, म्हणजे पास्कू जागा आहे."
मला काळं दिसत होतं, आणि ओलं काळं.
दुसऱ्या फेरीला म्हणाल्या, "परत आली बघा वसई."
तिसऱ्या फेरीला काही बोलल्या नाहीत.
चौथीला मात्र वरचं बटण दाबून
धावत आलेल्या पोरीला सांगितलं,
"बाय, एसटीसुद्धा हात दाखवला की थांबते गं."

आख्खी रांग हसली. मीही.
हसू ओसरायच्या आत त्यांनी विचारलं,
"तुम्ही परत कधी जाणार?"

"पुढच्या महिन्यात," मी म्हणालो.
तितक्याच सहज,
जितक्या सहज गेले अकरा आठवडे
इस्त्रीचा शर्ट घालून, घरमालकिणीला हात करून
मी रोज सकाळी वाचनालयात जाऊन बसत होतो.
सुट्टीवर येणारा माणूस चॉकलेटं आणतो.
माझ्या बॅगेत कुकर होता,
इथूनच नेलेला,
शिट्टी मोज्यात गुंडाळलेली.

मग इंधन संपत आलं आणि आम्ही नागपूरला.

नागपूरला टिपूस नव्हता.
चांदण्या अशा, की पावसाची गोष्ट
आम्हीच रचली असावी.
दार उघडेना. शिडी होती, साहेब नव्हता,
साहेब आला तेव्हा वैमानिकाची वेळ भरली.
फोनला रेंज आली आणि हेरंबचे निरोप
एकावर एक पडले:
उतरलास?
बोर्डावर काही दाखवत नाहीत.
आईने खिचडी टाकली.
आईने खिचडी झाकून ठेवली.
खांब नंबर अकराला आहे.
झोपतोय इथेच.

खरं सांगू का, मला बरं वाटत होतं.
इतक्या दिवसांत हा पहिलाच उशीर,
ज्यात माझा काही दोष नव्हता.
कुठेतरी बाळ रडत होतं, कुणी वकिलाची भाषा काढत होतं,
एसी बंद पडून माणसांचा वास यायला लागला होता,
आणि मी मनात म्हणत होतो, अजून तासभर.
अजून एक तास मी नोकरीवरचा माणूस आहे.

साडेतीनच्या सुमाराला, अंधारात,
नातालीनबाईंना सांगून टाकलं.
कुकरचंसुद्धा.
त्यांनी पर्समधून जेवणातला राखलेला पाव काढला,
अर्धा मोडून माझ्या हातावर ठेवला.
बराच वेळ स्वतःचा चावत राहिल्या.
"भावाला बाहेरच सांगा," म्हणाल्या.
"घरात शिरल्यावर जमत नाही.
घरात आधी पाणी देतात, मग पान वाढतात,
मग राहून जातं."

सकाळी दहाला मुंबई.
आकाश धुऊन पिळून वाळत घातलेलं,
टेकडीवरच्या निळ्या ताडपत्र्यांत पाणी साचलेलं.
यावेळी वसई आलीच नाही, समुद्राकडून शिरलो.
बाई तरीही उलट्या बाजूला मान ताणून होत्या.
चाकं टेकली. मागे कुणी टाळ्या वाजवल्या,
दोनच, मग लाजून थांबला.

खांब अकराला हेरंब
सामानाच्या ट्रॉलीत बसून झोपला होता,
तोंड उघडं, चपला नीट जोडीने खाली काढलेल्या.
हलवला तर दचकून आधी घड्याळ पाहिलं,
मग मला, मग दोन्ही बॅगा.
एक उचलून बघितली.

"एवढं काय भरून आणलंस रे?"

"कुकर," मी म्हणालो.