साडेछत्तीस ग्रॅम

वेर्णेकर सोनाराने पंखा बंद केला,
काट्याची काचेची दारं लावली
आणि पुडीकडे बघत म्हणाला,
"मिठाक आज काय भाव गो?"

साडेछत्तीस ग्रॅम.
शिरोड्याच्या मिठागरातलं चालत नाही,
त्यात समुद्राचं बाकी सगळंही असतं.
हे कॉलेजच्या लॅबमधून मागून आणलेलं,
नुसतंच मीठ.
ताटलीतले शेवटचे चार कण
त्याने कुंचल्याने गोळा केले,
सवयीने.

पाणी दाभोली नाक्यावरच्या बॅटरीच्या दुकानातलं.

सहा महिने मी रिफ्रॅक्टोमीटर शून्यावरच लावत आले.
गोड्या पाण्याचा थेंब, झाकण, तोंड उजेडाकडे,
रेघ शून्यावर. झालं.
शून्याशी तो कधीच खोटं बोलला नाही.
टाकीतलं पाणी घातलं की म्हणायचा, पस्तीस.
मी वहीत लिहायचे, पस्तीस.
आणि कोचरेकर डॉक्टरांच्या बाकांसमोर,
जिथे माणसं गाल धरून गप्प बसतात,
टाकीतलं प्रवाळ तीन आठवडे
मिटलेलंच.

आज सोनाराने तोललेला थेंब
काचेवर मिनिटभर बसू दिला,
काचेची ऊब त्याला लागेपर्यंत.
मग खिडकीकडे धरला.
वर निळं, खाली पांढरं,
मधली रेघ अडतीसवर.

तीन.
सहा महिन्यांच्या प्रत्येक ओळीत तीन.

स्क्रू तांदळाच्या कणीएवढा.
केसभर फिरवला. अजून केसभर.
बंदराकडे बर्फाचा टेम्पो गेला, हात हलला,
रेघ चौतीसवर घसरली.
परत.
पस्तीस.
आता गोडं पाणी घातलं तर शून्य दाखवणार नाही.
न दाखवू दे. टाकीत गोडं पाणी आहे कुठे?

टाकी बत्तीस निघाली.
डॉक्टर दारातूनच म्हणाले,
"मग टाका की दोन मुठी मीठ!"
हातात त्यांच्या चिमटा होता.

तसं करता येत नाही, डॉक्टर.
माझ्या चुकीतच मासे राहायला शिकलेत.
रोज जेवढं आटेल तेवढं
गोड्याऐवजी खाऱ्याने भरायचं,
दहा दिवस तरी.

जुने पस्तीस खोडले नाहीत.
प्रत्येकाशेजारी बारीक बत्तीस लिहीत गेले.
मार्चपर्यंत पोचले,
तेवढ्यात आतून कोणीतरी ओरडलं
आणि बाकावरच्या म्हाताऱ्याने
टाकीवरची नजर काढून
माझ्याकडे पाहिलं,
जणू मलाच काही माहीत असणार.