साताचा आडवा दांडा

चलन मी लिहिलं.
माल : रोलर, मैदानाचा, नग एक.
वजन : दोन टन एकशे चाळीस.
पोहोच : बंदरावरचं स्टेडियम,
जिथं परदेशी संघ उतरतात.
'कशासाठी' या रकान्यात काय लिहावं सुचेना,
लिहिलं : दाबण्यासाठी.

मष्णू मोल्डर खांद्यावरून वाचत होता.
"आमच्याबी चलनावर त्येच लिव की गा."

दोन्ही ड्रम झकास भरले होते.
बाजूची पट्टी मात्र शेवटच्या लॅडलची,
लोखंड तोवर शेंदरी पडत आलेलं,
लुमाण्णाचा हात आखडला, धार तुटली,
पुन्हा लागली. पापणी लवायला लागतो तेवढा वेळ.
पट्टीवर कारखान्याचं नाव,
गावाचं नाव, खाली फोन.

गावाचं नाव पाट्यांवर आता वेगळं आहे.
पॅटर्न सागवानी, तीस वर्षांचा;
त्याला कुणी कळवलेलं नाही.

नावं उमटली.
फोनमधल्या साताचा आडवा दांडा
उमटला नाही. सात झाला एक.
"चालतंय," मष्णू म्हणाला,
"रोलरला फोन कोण लावालंय?"

ट्रक अरबैलचा घाट उतरून गेला.

त्यानंतर कॅन्टीनच्या टीव्हीवर
तिथला सामना लागला की
सगळे षटकार बघायचे,
आणि डाव संपला की चहाला उठायचे.
मष्णू तेव्हा बसायचा.
त्या दहा मिनिटांत कधी तीन सेकंद
दिसायचा तो, कडेकडेनं,
जांभई देणाऱ्या रेड्यासारखा,
आणि लगेच सिमेंटची जाहिरात.
"फिरालाय बरा," एवढंच म्हणायचा.

मग एका शनिवारी
खडेबाजारातला कुंद्याचा दुकानदार
स्कूटरवरून उद्यमबागेत आला, घामाघूम, चिडलेला.
चार दिवस झाले, म्हणाला,
कुणी तरी समुद्रावरून फोन करतोय,
मला विचारतोय गंज कसा काढायचा!
अरे, मी दूध आटवतो.

नंबर घेतला, लावला.
पलीकडं मैदान राखणारा, सूरप्प.
त्याची कन्नड खाऱ्या वाऱ्यातली, सावकाश,
एकेक शब्द धुऊन वाळत घातलेला.
मष्णूची बाजारातली,
मिरचीचा दर पाडण्यापुरती.
तरी जमलं.

पहाटे खेळपट्टीवर
तांबूस पट्टा उमटतो म्हणे, ड्रमच्या रुंदीचा.
"एण्णी हच्चरी," मष्णू ओरडला,
तेल लावा,
आणि स्वतःच्याच कपाळावर हात मारून :
नको नको, तोंडावर नको, तेल आसालाच,
तोंड कोरडं पुसा, रॉकेलचा बोळा,
रात्री गोणपाट. गोणपाटाला कन्नडमध्ये काय म्हणत्यात रे?
मी सांगितलं : गोणी.
"गोणी! गोणी!"
तिकडूनही आवाज आला : "हां, गोणी."
दोघंही इतके खूश झाले
की सीमेवर कुणी तरी लिंबू-साखर वाटली असावी.

मग मष्णू गप्प.
रिसीव्हर कानाला घट्ट.
एकसष्ट वर्षांचा माणूस,
सांबऱ्याच्या पलीकडं कधी नोकरीला गेला नाही.
"मागं ह्यो आवाज कसला? समुद्र काय?"
सूरप्प हसला असावा.
नाही अण्णा, समुद्र लांब आहे, भिंतीमागं.
गेट उघडलं. लोक आत शिरालेत.

मष्णूनं रिसीव्हर माझ्या कानाला लावला.
हुबेहूब भट्टीचा ब्लोअर,
टॅप काढायच्या आधीचा,
जेव्हा सगळे दोन पावलं मागं सरतात.

दुसऱ्या दिवशी त्यानं माळ्यावरून पॅटर्न काढला.
बोट फिरवून बघितलं.
सात शाबूत होता.

बरोबर नंबर आम्ही दोनदा कळवला आहे.
पण सूरप्प रोलरपाशी उभं राहून
रोलरवरचा वाचूनच फोन लावतो.
आधी कुंदा,
मग आम्ही.