कच्चं पाणी

पाचव्या दिवशी नळ आला, रात्री अडीचला.
पिंप भरेस्तोवर गच्चीवर बसून
आम्ही मुख्तारला सांगत होतो
समुद्राच्या आत काय काय होतं.

तो होता की आमच्याबरोबर अंदमानात, त्याच बोटीत.
पण डाव्या कानाचा पडदा फाटलेला,
सातवीत असताना, गाजुलांच्या विहिरीत
मोटेच्या दगडावरून सूर मारला तेव्हाचा.
डॉक्टरीण म्हणाली, तुम्ही वरच थांबा.

पोहायला त्यानंच शिकवलं होतं आम्हाला, त्याच विहिरीत,
हिप्परग्याच्या वाटेवर,
पाठीला गोडेतेलाचा रिकामा डबा बांधून.
तिकडं बांधला तोही डबाच. जड.
आणि काम उलटं :
हा बुडायला सोबत करतो.

खुणा शिकवायला अर्धा तास ठेवला होता.
आम्हाला पाच मिनिटं पुरली.
कारखान्यात चाळीस माग चालू असताना
कोण तोंडानं बोलतं?
फक्त अंगठा वर केला की ‘झकास’ नव्हे,
‘वर चला’, एवढं ध्यानात ठेवायचं.
गुरुसिद्ध विसरला. दोनदा आनंदानं अंगठा दाखवला,
दोनदा आम्हाला वर न्यायला निघाले.

पोटाखालून वाळू सरकत होती,
मग नव्हती.
तिथून भिंत सुटली सरळ खाली,
निळ्यात, मग आणखी निळ्यात, मग ज्याला नाव नाही त्यात.
विहिरीचीच भिंत वाटली मला,
बाकीच्या तीन बाजू बांधायच्या राहून गेलेली.
कपारीतून पारव्यांसारखे मासे फडफडून निघायचे,
जाळीदार पंखे उभे, मागाच्या फणीसारखे,
आणि एक हिरवा पोपटतोंड्या प्रवाळ खात होता,
कडक भाकरी मोडल्याचा आवाज
सोळा मीटर खोल, स्पष्ट.
बाकी सगळं गप्प.
आपलाच श्वास तेवढा धोट्यासारखा,
आला, गेला. आला, गेला.

श्रीहरी येमूल रंगारी. पूर्व भागात तीन पिढ्यांची भट्टी.
त्यानं मनगटाला चादरीचं लाल सूत गुंडाळलं होतं.
दहा मीटरला ते तपकिरी झालं,
भिंतीपाशी राखेचं.
हात माझ्या काचेसमोर धरून तो दाखवत राहिला,
पोराला खरचटावं तसा चेहरा करून.
वर आलो तर लाल. होतं तसं लाल.
बोटीत नळी तोंडातून काढून पहिलं वाक्य बोलला,
‘रंग पक्काच हाय बे. पाणी कच्चं.’

आजही ते सूत त्याच्या हातात होतं, मिठानं ताठर.
मुख्तारनं ते चिमटीत धरलं, सोडलं.
म्हणाला, मला पण दिसत होतं की.
तुमचे बुडबुडे.
गुरुसिद्धचे भसाभसा, टायरीत हवा भरल्यासारखे.
श्रीहरीचे बारीक, मोजून मापून.
तुझे एकदा थांबलेच.
सतरापर्यंत मोजलं मी,
मग बोटवाल्याचा दंड धरला.

श्वास धरून ठेवायचा नाही,
हा पहिला नियम आम्हाला दिलेला.
आणि मी कडेशी होतो तेव्हा,
खाली बघत.
कशासाठी धरला, ते मला अजून नीट सांगता येत नाही.
भीती नव्हती. बुडबुड्यांचाही आवाज नको, असं काहीतरी.

मी त्याला काय सांगणार होतो, कोण जाणे.
तेवढ्यात खाली पिंप भरून वाहायला लागलं,
आणि आम्ही चौघंही उठून
जिन्यानं धावत सुटलो, बादल्या घेऊन.