लोकहितास्तव

त्या कचेरीत मला पाणी दिलं, खजूर दिले,
आणि एक वाक्य दिलं: इथलं इथेच राहील.
घाबरलो की मला इंग्रजी सुचत नाही,
म्हणून दुभाष्या बसवला होता.
तीन तास सांगत होतो.
कुणाच्या ठेवीतून कुणाचं व्याज भागवलं,
कुठली सही मंगळवारी झाली आणि तारीख रविवारची पडली,
हिशेबतपासनीस कुणाचा मेव्हणा.
बाहेर आलो तर चष्म्यावर ऑगस्टची वाफ धरली.
पुसत उभा राहिलो. सुटलो, असं वाटलं.

फंड बुडाला पुढच्या वर्षी.
दंड झाला, चार ओळींची बातमी आली.
बुडालेल्यांत लतीफचाचा परकार निघाले,
शारजात आमच्याच इमारतीत, सहाव्या मजल्यावर, मूळचे हर्णैचे.
एकतीस वर्षं गोदीत जहाजांचे तळ खरवडले,
त्याची सगळी ग्रॅच्युइटी एका सहीत गेली.
आता पुन्हा दुबईच्या एका गोदामात नोंदी ठेवतात.
सकाळी आम्ही एकाच गाडीने जातो.
टोल एक दिवस त्यांचा, एक दिवस माझा.

त्यांनी दावा लावला.
मागितलं काय, तर चौकशीचे कागद.

मी रजा टाकून गेलो. मागच्या बाकावर बसलो.
नियामकाचा वकील म्हणाला,
लोकहितास्तव हे उघड करता येणार नाही.
आज एक नाव फुटलं,
तर उद्या आमच्या दारात बोलायला कोण येईल?
मी मान हलवली. खरंच होतं.
मग चाचांची वकीलबाई उठली.
ज्यांचे पैसे गेले, ती म्हणाली, ते कोण मग?
मी पुन्हा मान हलवली.

साठी, करिता, निमित्त, स्तव.
हेतुवाचक शब्दयोगी अव्ययं, सातवीत घोकलेली.
शब्दाला जोडून लिहावीत, बाई सांगायच्या,
मध्ये जागा सोडू नये.

न्यायाधीशांनी बंद लिफाफा आत नेला,
अकरा दिवस एकट्यानेच वाचला.
हुकूम आला: कागद द्या.
नावं आणि ओळखीच्या खुणा काळ्या करून द्या.

शुक्रवारी रात्री चाचांनी मला वर बोलावलं.
जेवणाच्या टेबलावर, प्लास्टिकवर, कागद पसरलेले.
पानंच्या पानं काळी,
मधूनच एखादा शब्द उघडा,
ओहोटीला खडक दिसतो तसा:
त्यानंतर. कदाचित. नाही.
एसीचं पाणी बादलीत टपटपत होतं.
सतराव्या पानावर चाचा थांबले,
बोट ठेवून इंग्रजी वाचलं,
आणि वाचता वाचताच त्याचं मराठी करत गेले.
साक्षीदार म्हणतो...
मांजर... उंदराची साक्षीदार होती.
हसले. म्हणाले, हे काय रे, इंग्रजीत मांजर कुठून आलं?

मग हसायचे थांबले.

दुभाष्याने शब्दाला शब्द ठेवला होता.
माझं नाव काळं, हुद्दा काळा, टेबलाचा नंबरसुद्धा काळा.
उंदराला मांजर साक्ष,
ही कुणाची ओळख असू शकते,
हे त्या मार्करवाल्याला कसं कळावं?

चाचांचं बोट पानावरून वर सरकलं.
तारीख उघडीच होती. ऑगस्ट.
चाचांची सही ऑक्टोबरमधली.
मध्ये दोन महिने. म्हणजे चाळीसएक सकाळी, एका गाडीत,
आणि एका सकाळी तर त्यांनी माहितीपत्रक काढून
मला विचारलंही होतं, तू हिशेबातला माणूस, बघ जरा.
मी सिग्नलकडे बघत राहिलो होतो.
इथलं इथेच.

चाचा उठले.
गावी पाठवायच्या खोक्यांवर नाव घालतात
तो जाड मार्कर आणला,
आणि मांजराची ओळ काळी केली,
सावकाश, दोनदा हात फिरवून.
ते माझ्यासाठी होतं,
की पुन्हा ती दिसू नये म्हणून, कळलं नाही.
तारीख तेवढी राहू दिली.

सोमवारी टोल तुझा, म्हणाले.