चार बोटांची आस

आमच्यात जाळ्याच्या भोकाला आस म्हणतात.
हा शब्द मी तोंडानं बोलायच्या आधी
बोटांनी शिकलो.
चुलता गाठ मारायचा,
मी मधे हात घालून धरायचो.
चार बोटं सैल गेली की म्हणायचा, झाली आस.

मेढ्याच्या वरच्या अंगाला आमचं धरण,
लहान, नकाशात नखाएवढं.
त्याचा लिलाव साताऱ्याला झाला,
पाणी इथंच राहिलं.
ठेका पाच वर्षांचा, म्हणून पाचव्या वर्षी
ठेकेदारानं तळ खरवडून नेला,
खोली सोडताना भाडेकरू
भिंतीतले खिळेसुद्धा उपटून नेतो तसा.
आस तीन बोटांवर आली, मग दोन,
मग नुसतं मच्छरदाणीचं कापड.
निळ्या ताडपत्रीवर वाळत पडलेला तो चकचकीत भुगा,
कोंबडीखाद्याला, चाळीस रुपये किलो.
त्यातलं एकेक कटला होतं, रोहू होतं,
फक्त अजून झालं नव्हतं.

आता पाणी संस्थेकडं आहे. मी सचिव.
माझ्याकडं शिक्का, इतिवृत्ताची वही
आणि बोटुकलीचा हिशेब:
कागदावर सोडली दोन लाख.
गुलाब भोईणीनं काठावर एक पिशवी फोडली,
घमेल्यात ओतून पोरांकडून मोजून घेतली,
गुणाकार केला. पाऊण लाख.
मॅडम म्हणाल्या, वाटेत मरतात हो.
गुलाब म्हणाली, मग मेलेली तरी द्या मोजायला.

ठराव सात: चार बोटांखालची आस पाण्यात उतरणार नाही.
ठराव आठ: जून-जुलै पाणी बंद.
आठव्याला झुंबर मल्लाव उठला.
"माशाच्या पोटात अंडी हायती, म्हणून थांबायचं. बरं.
माझ्या घरात बी तीन हायती.
ती उबवून झाल्यात, खायला मागत्यात."
कुणी हसलं नाही.
शेडच्या पत्र्यावर कावळा चालत होता तेवढा आवाज.

माझ्या हातातल्या पुस्तिकेत
माशाची लांबी होती, वजन होतं, विणीचा काळ होता.
झुंबरचं पान नव्हतं.

मग गुलाबनंच खडू घेतला.
पावकिलोचा कटला आज विकला तर पंचवीस रुपये.
तोच दिवाळीपातुर सव्वा किलो, दोनशे.
मधल्या दिवसांचं जेवण पाणी घालतं,
त्याचं बिल येत नाही.
वर्षभर किलोमागं पाच रुपये कापायचे,
बंदीत त्यातनं घरटी तांदूळ, तेल, फीचे पैसे.
"आणि ठेक्याची रक्कम?" झुंबर खाली बसला नव्हता.
"ती तर मासा धरायच्या आधीच भरायची."

त्याचा अर्ज मी लिहिला.
रक्कम निघालेल्या माशावर घ्या.
ठेका दहा वर्षांचा करा.
ज्याला दहाव्या वर्षी इथंच जेवायचंय
तो ताटाला भोक पाडत नाही.
जाळ्याची आस चार बोटं ठेवू, हेही लिहिलं.
अर्ज परत आला, लाल शाईनं दुरुस्त होऊन:
आस पुल्लिंगी. आसाचा आकार मिलिमीटरमध्ये लिहावा.
लिहिला.
घरात अजून आम्ही तिला ती म्हणतो.

त्या रात्री माळ्यावरनं माझंच एक जाळं काढलं.
ठेकेदाराच्या काळातलं. सचिव झालो तरी ठेवलेलं,
का, ते विचारू नका.
दोन बोटं गेली, तिसरं अडकलं.
जाळवेना. परसात कारल्याच्या वेलाला बांधलं.
वेलाला काय, तो दीड बोटातनंही चढतो.

दुरुस्त अर्जाला उत्तर नाही.
जुलैचे अजून अकरा दिवस.
झुंबर रोज दिवेलागणीला काठावर येतो.
पाण्यावर गोल उठतो, विरतो, पलीकडं दुसरा उठतो.
तो बघत बसतो,
दोन्ही हात मांड्यांखाली दाबून.